रविवारचे आठ लांडगे

अकोल्याच्या आमच्या भाड्याच्या घरात माझ्या खोलीला दार नाही. चौकट आहे, बिजागऱ्यांची भोकं आहेत, पण दार घरमालकांनी कधीतरी काढून नेलं आणि परत बसवायचं राहून गेलं. आईने तिथे निळा पडदा लावला. पडद्याच्या पलीकडे समोरची खोली. तिथे पप्पांची खुर्ची, टीव्ही आणि येणारे-जाणारे. अलीकडे माझं टेबल, लॅपटॉप आणि एक खाट. पलीकडे पप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी मला ऐकू येतं. म्हणजे माझंही त्यांना ऐकू जात असणार, हे मी धरून चालते.

पप्पांची बदली अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीच्या ऑफिसात झाली म्हणून आम्ही अमरावती सोडून अकोल्यात आलो. माझी पदवी नुकतीच झाली होती. बँकेची परीक्षा द्यायची, तोवर घरी राहून अभ्यास करायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे पप्पा म्हणाले आणि मी काही बोलले नाही. आमच्या घरात बहुतेक गोष्टी अशाच ठरतात. अकोल्यात मी कोणालाच ओळखत नव्हते. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे आणि संध्याकाळी ते काढायला, एवढंच माझं बाहेर जाणं.

खेळ मला मिळाला तो कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेल्या एका ताईमुळे. ती अमरावतीतच शिकवते. दर रविवारी दुपारी तीन ते सहा ती आम्हा तिघांना ऑनलाइन खेळवायची. तिने एक जग रचलेलं असतं, आपण त्यातलं एकेक पात्र व्हायचं आणि काय करतो ते सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवतात. सगळ्यांसमोर स्क्रीनवर एकच नकाशा असतो, ताई त्याला बोर्ड म्हणते. त्यावर प्रत्येकाचं गोल चित्र, त्याला टोकन म्हणतात. प्रत्येक टोकनमागे एक पान असतं. त्यावर त्या पात्राची ताकद, त्याचे जीवगुण, सगळं लिहिलेलं. जीवगुण संपले की पात्र पडलं. आपलं टोकन आपणच हलवायचं. दुसऱ्याच्या टोकनला हात लावता येत नाही.

माझं पात्र होतं जंगलात राहणारी एक बाई. तिला एक मंत्र येत होता. तो म्हटला की आठ लांडगे यायचे, तासभर तिचं ऐकायचे आणि मग नाहीसे व्हायचे. मी ते पात्र काहून घेतलं, असं मला परतवाड्याचा खेळाडू नेहमी विचारायचा; आम्ही त्याला परतवाडाच म्हणायचो. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी तो शटर अर्धं खाली ओढून आतून खेळायचा. त्याचा योद्धा मोठी कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे धावायचा आणि तोही तसाच होता. मी त्याला कधी खरं उत्तर दिलं नाही. खरं असं होतं की मला बोलता येत नव्हतं.

पहिल्या रविवारी मी कानाला हेडफोन लावले तेव्हा आईने पडदा बाजूला करून विचारलं, "काय करून राहिली व?"

"क्लास आहे," मी म्हणाले.

तेवढा एकच शब्द. आईने मागे वळून टीव्हीचा आवाज कमी केला. त्या दिवसापासून रविवारी तीन वाजले की घरातले सगळे हळू बोलायला लागले. साडेचारला आई पडद्याच्या कडेने हात घालून चहाचा कप टेबलावर ठेवायची, स्क्रीनकडे न बघता, देवघरासमोरून जाताना जपून पाऊल टाकतात तशी.

क्लासमध्ये विद्यार्थिनी गप्प बसते, ऐकते, लिहिते. त्यामुळे मी माइक बंद ठेवून चॅटमध्ये टाइप करायचे. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात टाइप करणंही ऐकू जायचं नाही. सात-आठ महिने आमच्या टेबलावर, म्हणजे खेळणाऱ्या चौघांत, माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. परतवाडा मला मुकीबाई म्हणायचा. पण माझे आठ लांडगे बोर्डावर असायचे. एक डावीकडून, दोन पुलाखालून, एक अगदी मागे, कोणाच्या लक्षात न येणाऱ्या झाडाजवळ. मी आहे हे त्यांच्यावरून कळायचं. माझ्या आयुष्यात इतकी जागा मी दुसरीकडे कुठेही व्यापलेली नाही.

अडचण अशी की आठ लांडगे सांभाळणं सोपं काम नाही. सुरुवातीला लांडग्यांची परवानगी फक्त ताईकडे होती. मी चॅटमध्ये लिहायचे, "तिसरा लांडगा दोन घरं पुढे," आणि ती हलवायची. मग तिने मला परवानगी दिली. तरी प्रत्येक लांडगा वेगळा ओढून आणायचा, नकाशावर ठेवायचा, त्याला नंबर द्यायचा. माझी पाळी आली की प्रत्येकाचा हल्ला वेगळा, फासे वेगळे, आणि सगळं टाइप करून सांगायचं.

"झाले का व बाई तुहे लांडगे?" परतवाडा ओरडायचा. "का आमी चिखलदऱ्याले जाऊन येऊ तवरिक?"

"अरे थांब ना, लिहितेय ती," ताई म्हणायची.

"लिहून राहिली, लिहून राहिली! एकेका लांडग्याचा बायोडाटा लिहून राहिली ते."

पुण्याला नोकरी करणारा तिसरा खेळाडू यावर फक्त हसायचा. मीही हसायचे, पडद्याकडे बघत, आवाज न करता.

थंडीत एका रविवारी खेळ संपल्यावर ताईने मला थांबवलं. ती चिडून बोलत नव्हती, म्हणून जास्त लागलं. "हे बघ, तुझी एक पाळी दहा-बारा मिनिटं चालते. बाकीचे कंटाळतात. पुढच्या रविवारी आठही लांडग्यांचं एका मिनिटात झालं पाहिजे. नाही जमलं तर हे पात्र सोड. एखादी तिरंदाज घे, तिला एकच टोकन लागतं. चालेल?"

मी टाइप केलं, "चालेल."

मग लॅपटॉप मिटला. एकच टोकन म्हणजे मी. न बोलणारी तिरंदाज बोर्डावर असली काय आणि नसली काय. दोन महिन्यांत ती सगळ्यांच्या मागे राहिली असती आणि तिसऱ्या महिन्यात मी येणं बंद केलं असतं. मी स्वतःला ओळखते. आणि रविवार गेला की मग आठवड्यात काहीच उरत नव्हतं.

ताईने मला सरावासाठी एक रिकामा नकाशा उघडून दिला होता. आठवडाभर, पप्पा ऑफिसला गेले की मी पुस्तकं बाजूला सारायचे आणि लांडगे बोलवायचे. आठही फासे एकदम पडतील अशी सोय शोधून काढली. वाक्यं आधीच लिहून ठेवली, नुसती चिकटवायची. फोनवर वेळ लावायचे. पहिल्या दिवशी सहा मिनिटं, बुधवारी तीन. तिथे गाडी अडली, कारण प्रत्येक लांडग्याचं पान वेगळं होतं आणि काही बदलायचं तर आठ वेळा बदलावं लागायचं. तेव्हा मला सेटिंगमध्ये एक छोटा चौकोन दिसला. त्यात खूण केली की सगळी टोकनं एकाच पानाला जोडली जातात. एकदा बदललं की आठही ठिकाणी बदलतं. मी खूण केली. शनिवारी पन्नास सेकंदांत आठही लांडगे पळाले, झेपावले, चावले. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विनाकारण विचारलं, काही मदत करू का.

रिकाम्या नकाशावर माझ्या लांडग्यांना मारायला कोणी नव्हतं. ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही.

त्या रविवारी पप्पांचे ऑफिसमधले एक सहकारी काका घरी आले होते. थंडीमुळे कूलर बंद, पंखा बंद, घर अगदी शांत. पडद्यापलीकडे दोघं पेन्शनबद्दल बोलत होते आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. इकडे बोर्डावर आम्ही एका पुलावर होतो. समोर एक राक्षस, हातात झाडाचं खोड.

माझी पाळी आली. मी मंत्र म्हटला, लांडगे सोडले, फासे टाकले, वाक्यं चिकटवली.

"झालं?" ताई म्हणाली. "एवढ्यात?"

"बाप्पा!" परतवाडा म्हणाला. "मुकीबाईनं त आज कमाल केली. जिते रहो!"

मग राक्षसाची पाळी. त्याने खोड फिरवलं आणि पुढच्या एका लांडग्याला मारलं. ताईने जीवगुण वजा केले. त्याच क्षणी आठही टोकनांवरच्या जीवगुणांच्या हिरव्या पट्ट्या एकदम संपल्या आणि आठही लांडग्यांवर लाल फुली आली. झाडाजवळच्या लांडग्यावरही.

मग परतवाडा हसायला लागला. "एकाले मारलं अन् आठच्या आठ उताणे! हे काय व, लांडगे होते का पत्त्याचा बंगला?"

मला तेव्हा कळलं. एकच पान, म्हणजे आठ जणांत एकच जीव. मी भराभर टाइप केलं, "चूक माझी आहे, ते सगळे एका पानाला जोडले गेलेत." पण फाशांचे आकडे चॅटमध्ये धावत होते आणि माझं वाक्य वर सरकून गेलं.

आमच्या टेबलाची एक पद्धत आहे. बोर्ड दाखवेल ते खरं. परतवाडा प्रत्येक मारावर हुज्जत घालायचा, चॅटमध्ये भांडण तासभर चालायचं, म्हणून ताईने नियम केला होता: हरकत असेल तर पुढची पाळी सुरू व्हायच्या आत सांगायची आणि तोंडाने सांगायची. लिहिलेलं धरलं जाणार नाही.

"बोर्डावर मेले म्हणजे मेले," ताई म्हणाली. तिलाही वाईट वाटलेलं आवाजात कळत होतं. "कोणाची हरकत? नाही? मग पुढे जाऊया."

माइकच्या चित्रावर लाल रेघ होती. ती काढायला एकदाच बोट लावायचं होतं. पडद्यापलीकडे काका म्हणत होते, "पोरीचं काय चाललं मग?" आणि पप्पा म्हणाले, "अभ्यास. आत्ता क्लासच चालू आहे." मी मराठीत लांडगे हा शब्द उच्चारला असता तर समोरच्या खोलीत तो स्वच्छ ऐकू गेला असता. गप्प राहिले असते तर लांडगे गेले असते आणि त्यांच्याबरोबर रविवारही.

"हं, पुण्याची पाळी," ताई म्हणाली.

मी बोट लावलं.

तोंडातून इंग्रजी आलं. मी ठरवलं नव्हतं. अमरावतीच्या आमच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, त्यामुळे कोणाला उत्तर द्यायचं असलं, आपली बाजू मांडायची असली की अंगातून इंग्रजीच येतं. घरात मी ते कधी बोलत नाही. मी इंग्रजीत म्हणाले की माझी हरकत आहे. आठही टोकनं चुकून एकाच पानाला जोडली गेली आहेत, ही व्यवस्थेतली चूक आहे, खेळातली नाही. मार एकालाच बसला आहे, तेव्हा उरलेल्या सात लांडग्यांचे जीवगुण परत द्यावेत. मी ते सलग, न अडखळता म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"हे कोन बोललं?" परतवाडा दचकून म्हणाला. "ताई, कोनी घुसलं का आपल्यात?"

"अरे, तीच आहे!" ताई हसली. "हरकत मान्य. सात उठव. पण अगं, तुला आवाज आहे होय!"

"मुकीबाई बोलली! अन् बोलली त डायरेक्ट इंग्लिश! आमचं काही खरं नाई आता."

सात लांडगे उठले. आणि मग माझ्या लक्षात आलं की पडद्यापलीकडचं पेन्शनचं बोलणं थांबलं आहे.

"वहिनी," काका आईला म्हणाले, "पोरगी तर फाडफाड बोलते हो."

"इंटरव्ह्यूची तयारी," पप्पा म्हणाले. इंटरव्ह्यूबद्दल मी कधी काही बोलले नव्हते. तो शब्द पप्पांनी स्वतः घातला आणि त्यांचा आवाज इतका खूश होता की मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

पुढच्या रविवारी तीनला पाच मिनिटं असताना आई पडदा सारून आत आली. हातात तुरीच्या शेंगांची टोपली आणि एक ताटली. ती माझ्या मागे खाटेवर बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. तू तुहं कर. मी हितंच बसते सोलत. तुहं इंग्रजी आयकाले बरं वाटते. मले काई समजत नाई, पण बरं वाटते."

आई नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावची, सातवीपर्यंत शिकलेली. मला इंग्रजी शाळेत घालण्याचा हट्ट तिचा होता. त्या शाळेच्या सभेला ती यायची आणि मागच्या बाकावर बसून, काही न कळता, संपूर्ण सभा ऐकायची. मी तिला जा म्हणू शकले नाही.

त्या दिवशी मी टाइप करायला लागले. दहा मिनिटांनी मागून आवाज आला, "आज बोलून नाई राहिली?"

मी माइक सुरू केला. त्यानंतर प्रत्येक रविवारी मी इंग्रजीत बोलले. पहिला लांडगा डावीकडून जाईल. दुसरा त्याच्या मागे. तिसरा थांबून वास घेईल. आठ वेळा, पूर्ण वाक्यांत, कारण मध्ये शांतता पडली की पाठीमागे शेंगा सोलायचा आवाजही थांबायचा. टेबलावर सगळे खूश होते, पाळी पटकन व्हायची. ताईने एकदा खासगी मेसेज केला, "इंग्रजीतच का?" मी लिहिलं, "घरी सगळे आहेत." तिने पुढे विचारलं नाही. आईला स्क्रीनवरचे लांडगे कुत्रे वाटायचे. एकदा तिने विचारलं आणि मी सांगितलं, बुद्धिमत्तेचे प्रश्न असे चित्रांतून असतात. ती म्हणाली, "अवघड हाये बाई." पप्पांनी ऑफिसात सांगितलं. कोणाच्या तरी मुलीला इंग्रजी शिकायला आमच्याकडे पाठवू का, असं विचारलं गेलं. पूर्वी घरात आठवड्याचे तीन तास असे होते की मला कोणी बघत नव्हतं. आता माझे लांडगे होते आणि तेच तास गेले होते.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी पप्पा ऑफिसला गेलेले असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आई, तो क्लास नाही. खेळ आहे. पहिल्यापासून खेळच आहे."

ती कणीक मळत होती. हात थांबले. "खेळ म्हन्जे?"

मी सांगितलं. बोर्ड, टोकनं, लांडगे, सगळं. आठ महिने चहा दिल्याबद्दल माफी मागायची होती, ती कशी मागतात ते मला कळेना, म्हणून लांडग्यांबद्दलच जास्त सांगत राहिले.

"अन् ते इंग्रजी?" तिने विचारलं.

"ते खरं आहे."

"तूच बोलते ना ते? पाठ केलेलं नाई?"

"नाही."

तिने कणकेवर पुन्हा हात ठेवला. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, आणि मी चेहरे वाचण्यात बरी आहे.

"पप्पाले नको सांगू," ती म्हणाली. "त्यायनं साऱ्या ऑफिसात सांगून ठेवलं हाय."

"मग बंद करते मी. पुढच्या रविवारपासून."

"काहून बंद करते?" ती एकदम चिडून म्हणाली. तिला इतकं चिडलेलं मी क्वचित पाहिलं आहे. "रविवारी सारे येतात. तीन वाजल्यापासून चहा, पोहे, अन् पुन्हा चहा. तुह्या खोलीत बसते त कोनी मले आवाज नाई देत. क्लास चालू हाये म्हनते मी. बंद केला त मी कुठं बसू?"

मी घरातली सगळी माणसं निरखते असं मला वाटायचं. रविवारी समोरच्या खोलीत कप कोण नेतं, हे मी पडद्यामागून दर वेळी ऐकत होते आणि कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही दोघी आत असतो. ती कधी शेंगा सोलते, कधी नुसती भिंतीला पाठ टेकून डोळे मिटते. तिला आता माहीत आहे, तरी मला मराठीत बोलता येत नाही, कारण पप्पांना ऐकू जातं. मला कंटाळा आला, डोकं दुखलं, ताईच्या कथेत रस उरला नाही, तरी रविवार चुकवता येत नाही. मागच्या आठवड्यात ताप होता. सकाळी आईने कपाळाला हात लावला आणि विचारलं, "तीनपर्यंत उतरन ना?"

उतरला नव्हता. तरी मी बसले. चारच्या सुमारास समोर कोणीतरी पाहुणे आले. चपला काढल्याचा आवाज झाला, मग पप्पांची पावलं पडद्याजवळ आली.

"अगं, चहाचं बघतेस का जरा?"

आईने डोळे उघडले. ती खाटेवरून हलली नाही. "क्लास चालू हाये न तिचा," ती म्हणाली. "मधात उठता येत नाई. तुमीच ठेवा."

पावलं थांबली, मग स्वयंपाकघराकडे गेली. गॅस पेटवायचा लायटर तीन-चार वेळा वाजला. आईने माझ्याकडे बघून हनुवटीने स्क्रीनकडे खूण केली. मी माइक सुरू केला आणि पहिल्या लांडग्यापासून बोलायला लागले.